अस्तराच्या शेततळ्यात बोटुकली तिसऱ्या दिवशी का मरते?

इगतपुरीची शेतकरीण:
नमस्कार. आमचं शेततळं प्लास्टिक अस्तराचं, साधारण 20 लाख लिटरचं. आमच्याकडे पाऊस इतका की तळं निव्वळ पावसाच्या पाण्यानं भरतं. ऑगस्टमध्ये रोहू-कटलाची 3000 बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आणली. पिशव्यांतून सहा तासांचा प्रवास झाला. पोहोचली तेव्हा छान पळत होती, पहिल्या दिवशीही काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी काठाला मेलेल्या पिल्लांचा पांढरा थर दिसला. अंगावर जखम नाही, डाग नाही. निम्मी तरी गेली. पाणी तपासलं तर कठीणपणा (म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) लिटरला फक्त 20 मिलिग्रॅम निघाला. सामू (पीएच) सकाळी 7.4, दुपारी 9. पाणी इतकं स्वच्छ असूनही मासे का मरावेत?

तळ्याकाठचा:
ऑक्सिजन कमी पडला असणार. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावा.

बीजवाहक काका:
ताई, ऑक्सिजन संपला असता तर मासे पहाटे वर येऊन तोंड वासताना दिसले असते आणि त्याच दिवशी गेले असते. तुमचं मरण तिसऱ्या दिवसाचं आहे. बावीस वर्षं मी मत्स्यबीज, म्हणजे माशांची पिल्लं, वाहतोय. हे मरण मी फार पाहिलंय आणि सुरुवातीला माझ्याच हातून घडलंय.

गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट असतं. त्यामुळे कल्ल्यांतून पाणी सारखं आत शिरतं आणि अंगातलं मीठ बाहेर झिरपतं. मासा भरपूर पातळ लघवी करून ते पाणी टाकतो आणि कल्ल्यांतल्या खास पेशी पाण्यातून क्षार परत ओढून घेतात. हे काम रात्रंदिवस चालतं. जाळ्यात ओढलं, मोजलं, पिशवीत दाटीनं भरलं की माशाच्या अंगात अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं चढतात. कल्ल्यांत रक्त जोरानं फिरतं, ऑक्सिजन जास्त मिळतो, पण त्याच वाटेनं मीठही जास्त गळतं. पिशवी सोडली म्हणून ही गळती लगेच थांबत नाही. म्हणून मासा तरतरीत दिसतो आणि पुढे दोन-तीन दिवसांत खलास होतो.

आता तुमचं पाणी बघा. कल्ल्यांच्या पेशींमधले सांधे कॅल्शियममुळे घट्ट राहतात. मातीच्या तळ्यात थोडंफार कॅल्शियम तळातून मिळतं. तुमच्याकडे खाली प्लास्टिक आणि वरून पाऊस, मग ते येणार कुठून?

पुढच्या खेपेला 500 लिटरच्या ड्रममध्ये दीड किलो खडेमीठ विरघळवा, म्हणजे लिटरला 3 ग्रॅम. हवेचा पंप चालू ठेवून बोटुकली त्यात काही तास राहू द्या. बाहेरचं पाणी खारट झालं की गळती कमी होते. तळ्यात मात्र मीठ टाकू नका, ते पाणी तुम्ही पिकाला देता.

इगतपुरीची शेतकरीण:
काका, मग तळ्यातलं कॅल्शियम कसं वाढवू? दुकानदार खाद्यात मिसळायचं मिनरल मिक्श्चर देतोय. चुना टाकला तर चालेल?

बीजवाहक काका:
खाद्यातून फॉस्फरस मिळतो, तो पाण्यातून फारसा मिळत नाही, म्हणून ते मिश्रण वाया जाणार नाही. पण कॅल्शियम मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यातून घेतो, आणि कल्ल्यांचे सांधेही पाण्यातलंच कॅल्शियम धरून ठेवतं. कळीचा चुना मासे असताना अजिबात नको. दुपारी तुमचा सामू आधीच 9 होतो, चुन्यानं तो आणखी चढेल आणि मासे पाण्यात सोडतात तो अमोनिया जास्त विषारी होईल.

बोअर असेल तर पाणी तपासून घ्या. कठीणपणा 250 निघाला आणि तळ्यात चौथा हिस्सा बोअरचं पाणी झालं, तर एकूण 75 च्या पुढे जाईल. त्यात बायकार्बोनेटही असतात, त्यामुळे दुपारची सामूची उडी आवरते. बोअरचं पाणी उंचावरून, फवाऱ्यासारखं पाडा. जमिनीखालून येतं तेव्हा त्यात ऑक्सिजन नसल्यासारखाच असतो. बोअर नसेल तर जिप्सम. कठीणपणा 50 नं वाढवायला तुमच्या तळ्याला सुमारे 170 किलो लागेल. त्यानं सामू वाढत नाही, पण दुपारची उडीही थांबत नाही.

इगतपुरीची शेतकरीण:
महिन्यानं लिहितेय. बोअरचा कठीणपणा 230 निघाला. तळ्यातलं थोडं पाणी भाताला सोडून आठ दिवस बोअर चालवला, आता तळ्यात 70 आहे. परवा 1000 बोटुकली आणली, चार तास मिठाच्या ड्रममध्ये ठेवली आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर सोडली. आज तिसरा दिवस. पहाटे बॅटरी घेऊन पूर्ण काठ फिरले, अकरा मेलेली सापडली. बाकीची कोंड्यावर येताहेत.