मदत हवी आहे: मिस्टरांनी लाकडी घाणा टाकलाय, पण गिऱ्हाइकाकडे पैसे मागता येत नाहीत

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे मिस्टर मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. १९९९ ला भरती होऊन बेळगावला ट्रेनिंग, २४ वर्षं नोकरी आणि २०२३ च्या मार्चमध्ये हवालदार म्हणून पेन्शनवर आले. शेवटची चार वर्षं ते कंपनीचे, म्हणजे त्यांच्या तुकडीचे, सीक्यूएमएच (कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार, सामानसुमान सांभाळणारा) होते. शंभरावर जवानांचं रेशन, कपडे, तंबू, भांडी, सगळा हिशोब यांच्याकडे. बर्फात रस्ता बंद होण्याआधी पुढच्या चौकीवर किती रॉकेल नि किती डाळ चढवायची, हे तोंडपाठ असायचं. एवढं सांगते कारण माणूस हुशार आहे, कामाला वाघ आहे, हे आधी कळावं.

आम्ही खटाव तालुक्यातले. आल्यावर सहा महिने ते एका कारखान्यात सिक्युरिटीला गेले. बारा तासांची ड्युटी. ड्युटीचं काही वाटलं नाही, पण पंचविशीतला सुपरवायझर सगळ्यांसमोर "ए काका, इकडं ये" म्हणायचा. घरी येऊन जेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. शेवटी मीच म्हटलं, सोडा.

अर्धी पेन्शन विकली होती. ते पैसे, ग्रॅच्युइटी आणि फंड यातलं बहुतेक घर बांधण्यात गेलं. उरलेल्यातून अडीच लाख घालून गेल्या दिवाळीत घाणा बसवला. शेंगदाणा आणि करडई. तेल चांगलं निघतं, वास आला की रस्त्यावरची माणसं थांबतात.

अडचण पुढे आहे. एक किलो शेंगतेलाला अडीच किलो दाणे लागतात. ११० च्या भावाने २७५ झाले. पेंडीचे साठेक रुपये सुटतात. बाटली, लाईट, मजुरी धरून २५० ला पडतं. आम्ही भाव ठरवला ३००. पण समोर ओळखीचं कुणी आलं, की हे आपसूक म्हणतात, "तुम्हाला २४० लावतो." आणि गावात ओळखीचं नसतं कोण? वर उधारी. आजच्या तारखेला ४६ हजार बाहेर आहेत. मागा म्हटलं की गप्प होतात. एकदा म्हणाले, "पंचवीस वर्षं मी लोकांना द्यायचंच काम केलं गं. हात पुढे करायचा शिकलोच नाही." त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी इतकी वर्षं शेत, सासू-सासरे, बँक, मुलांच्या शाळा एकटीने बघितलं. बाजारात घासाघीस मला येते. मी गल्ल्यावर बसले तर धंदा सावरेल. पण मग त्यांना वाटेल का, की आता घरातही आपल्याला कुणी विचारत नाही? हाच माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा असा, की ते पीएमईजीपीतून (नव्या उद्योगाला अनुदान देणारी केंद्र सरकारची योजना) कर्ज घेऊन मोठं मशीन आणू म्हणतायत. घ्यावं का?

प्रतिसाद (निवृत्त सुभेदार, कोल्हापूर)

ताई, वाचून माझेच दिवस आठवले. मी पेन्शनवर आल्यावर दूधसंकलन सुरू केलं, पहिल्या वर्षी असाच तोट्यात गेलो.

हवालदार साहेबांना एकच विचारा. स्टोअरमधून सहीशिवाय कुणाला साधं ब्लँकेट तरी दिलं होतं का? अधिकारी आला असता तरी व्हाउचर मागितलं असतं. तेव्हा लाज वाटली नाही, कारण माल त्यांचा नव्हता, कंपनीचा होता. आता त्यांना वाटतं की तेल आपलं, पैसा आपला, म्हणून मागायला जीभ उचलत नाही. घाणा ही कंपनी समजा. बँकेत वेगळं खातं काढा. घरात लागणारं तेलसुद्धा वहीत लिहूनच घ्या. भाव पाटीवर लिहा, म्हणजे तोंडाने सांगावा लागणार नाही. उधारीवर सही, सहीशिवाय इश्यू नाही. त्यांना नवं काही शिकवायला नको, जुनंच काम आहे.

आणि झोप, चिडचिड, एकटं बसणं वाढत असेल तर ईसीएचएसमधून (माजी सैनिकांची आरोग्य योजना) मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे रेफर करून घ्या. मी गेलो होतो. त्यात कमीपणा नाही.

प्रतिसाद (बँकेत नोकरी, पुणे)

कर्जाचं सांगतो. पीएमईजीपीत माजी सैनिक विशेष प्रवर्गात येतात. ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान, स्वतःचा हिस्सा फक्त ५ टक्के. पण ही योजना नव्या उद्योगासाठी आहे. चालू घाण्याचा विस्तार म्हणून अर्ज केलात तर अडेल. शिवाय अनुदान हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहतं. विस्तारासाठी मुद्राचं किशोर कर्ज बघा, ५० हजारांच्या वर ते ५ लाखांपर्यंत. मात्र २५० चा माल २४० ला विकणाऱ्याने मशीन मोठं केलं, तर तोटाही मोठा होईल. आधी सहा महिन्यांची वही नीट दाखवा, बँकेलाही तेच लागतं.

प्रतिसाद (फौजीची बायको, कोरेगाव)

सुभेदार काकांचं पटलं, पण ताई, तू गल्ल्यावर बसच. त्यांना काय वाटेल म्हणून किती दिवस थांबणार? माझ्या नवऱ्याला सुरुवातीला राग आला होता. नंतर त्यालाच मोकळं वाटलं. फक्त लोकांसमोर त्यांनी सांगितलेला भाव मोडू नकोस, जे बोलायचं ते आत.

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. सुभेदार साहेबांचा प्रतिसाद मी मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवला. ब्लँकेटचं ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत गेले आणि ट्रंकेतून रेघा मारलेलं जुनं रजिस्टर काढलं. काल रात्री बारापर्यंत बसून उधारीची सगळी नावं त्यात उतरवली, तारखेसकट. त्यात माझ्या भावाचंही नाव आहे, १८०० रुपये. ते मीच मागणार आहे.

मोठ्या मशीनचं सध्या थांबवलं. वाटणी अशी ठरली: खरेदी, घाणा आणि रजिस्टर त्यांच्याकडे, गल्ला माझ्याकडे. ते स्वतःहून म्हणाले, मला सुचवावं लागलं नाही.

बँकेतल्या दादांना एक विचारायचं राहिलं. मुद्राचं कर्ज माझ्या नावावर घेतलं आणि घाणा त्यांच्या नावावर असला तर चालतं का? की आधी दोघांची भागीदारी करून घ्यावी लागेल?