कॅमेरा बंद आहे म्हणून लगेच भंगारात नको

आजोबांचा सुपर ८ कॅमेरा (छोट्या फिल्मवर हलती चित्रं टिपणारा) नौपाड्यातल्या घराच्या माळ्यावर सापडला, पण चालत नाही, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून तो विकू नका! आधी सेलचा कप्पा बघा. जुने सेल आत फुटून पत्र्यांवर हिरवट-पांढरा थर बसलेला असतो. काडीला कापूस गुंडाळून थोडं व्हिनेगर लावा, पुसून नीट वाळू द्या. मग नवे सेल घालून, फिल्म न भरता बटण दाबा. आतली फिल्म गुंडाळणारी चकती फिरली, की अर्धी लढाई जिंकलीत. माझा कॅमेरा असाच जागा झाला, त्या चकतीचा आवाज अजून कानात आहे.

प्रकाशमापकाला काही कॅमेऱ्यांत वेगळा १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा. तो आता मिळत नाही, पण कानाच्या यंत्राचा झिंक-एअर सेल जवळपास तेवढाच विद्युतदाब देतो.

लेन्सवर बुरशी आहे का, तेही उजेडात धरून पाहा. आपल्या ठाण्याच्या पावसाळ्यात ती हमखास धरते.

आणि पहिली फिल्म जपून वापरा: ५० फुटांचं काडतूस (फिल्मची बंद डबी), सेकंदाला १८ चौकटींच्या, म्हणजे १८ चित्रांच्या, वेगाने जेमतेम ३ मिनिटं २० सेकंद. मी पहिलं काडतूस आईला टिपण्यातच संपवलं.