प्रतिसाद: मराठी माध्यम आणि मायक्रोबायोलॉजी
जंतूंची नावं लॅटिन, पुस्तकं इंग्रजी, म्हणून मराठी शाळेतल्या पोरांनी मायक्रोबायोलॉजीच्या (सूक्ष्मजीवशास्त्राच्या) वाटेला जाऊ नये, असं म्हणतात ते मला पटलं नाही. मी खानापूरच्या मराठी शाळेतून बेळगावात बीएस्सीला आलो. नावं दोन महिन्यांत तोंडात बसली. रडवलं ते ग्रॅम स्टेनिंगनं, म्हणजे जंतूंना रंग देऊन त्यांचा गट ओळखायच्या पद्धतीनं! रंग धुणारं अल्कोहोल काही सेकंद जास्त राहिलं की जांभळे दिसायला हवेत ते जंतू गुलाबी दिसतात, मग सगळं निदानच उलटं. त्यात आमचा पावसाळा. जंतू वाढवायच्या प्लेटवर आपल्या जंतूंआधी बुरशीच हजर.

तेव्हा माध्यमाची काळजी सोडा आणि प्रवेशाआधी लॅब बघून या. ऑटोक्लेव्ह (वाफेनं सामान निर्जंतुक करायचं यंत्र) चालू आहे का, मुलांना स्वतः हात लावू देतात का, ते विचारा.