दादांना साठ हजारची पुडी रोज द्यायची का?

इंदिरानगरची_सून
सासरे ७२ वर्षांचे. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन चालू आहे, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) आटोक्यात आहे. तपासणीत व्हिटॅमिन डी ११ निघालं. डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे अशी लिहून दिलीय. पण कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर कुणीतरी कानात भरवलं, "डीने गाठ विरघळते, रोज घ्या." दादा हटून बसलेत. पुड्या मी कपाटात कुलूपबंद केल्यात. आणि मला एक सांगा, जन्मभर दिंडोरीच्या द्राक्षबागेत राबलेल्या माणसाचं डी कमी कसं?

गोळेकॉलनी_फार्मसी
कुलूप राहू द्या वहिनी. रोज साठ हजार म्हणजे रक्तात कॅल्शियम चढायचं. तहान, बद्धकोष्ठता, मळमळ, मुतखडा, पुढे भ्रम. सारखी लघवी होते ती वेगळीच, आणि घरचे बोल लावतात प्रोस्टेटला!

पुडी हाडांसाठी आहे. इंजेक्शनने टेस्टोस्टेरॉन खाली जातं, त्यामुळे हाडं ठिसूळ होतात. गाठीचं म्हणाल तर अमेरिकेतल्या व्हायटल चाचणीत २५ हजारांवर लोक होते, निम्म्यांना रोज २,००० युनिट. कॅन्सर व्हायचं प्रमाण घटलं नाही, प्रोस्टेटचंही नाही. ॲसेंट-२ मध्ये तर प्रोस्टेटच्याच रुग्णांना केमोबरोबर डीचं सक्रिय रूप मोठ्या डोसात दिलं. त्या गटात मृत्यू जास्त झाले म्हणून चाचणी थांबवली. ट्रॅकवरच्या काकांना हे आवर्जून सांगा.

नाशिकरोडचा_आजोबा
मीही याच इंजेक्शनवर आहे. सूनबाई, दादांची डेक्सा झालीय का? हाडांची घनता त्यात कळते. माझी कमी निघाली म्हणून हाडं बळकट करणाऱ्या झोलेड्रोनिकची सलाईन ठरली, पण डॉक्टरांनी आधी डी भरून काढलं, नाहीतर कॅल्शियम एकदम घसरतं म्हणाले. दातही आधीच दाखवून घ्या, नंतर दाढ काढायची वेळ आली तर जबडा लवकर भरत नाही.

उन्हाचं म्हणाल तर बागेत आपण पूर्ण बाह्या, टोपी, वर उपरणं. शिवाय म्हातारी कातडी डी कमीच बनवते.

इंदिरानगरची_सून
दादांना मोठ्याने वाचून दाखवलं. ॲसेंटचं ऐकून गप्प झाले, मग म्हणाले, "त्या ट्रॅकवाल्याला काय कळतंय, तो तर बँकेतून रिटायर झालाय." डेक्सा झालेली नाही, या वेळी विचारते. पुडी सकाळी उपाशीपोटी दिली तर चालेल?

गोळेकॉलनी_फार्मसी
जेवणानंतर द्या. डी चरबीत विरघळतं, पोळीला तूप असेल तर उत्तमच. आणि आठ आठवडे झाले की मनाने पुढच्या पुड्या आणू नका, डॉक्टर रोजचा छोटा डोस ठरवतील.