मदत हवी आहे: आम्ही चौघं, सायकलच्या रोड रेसमध्ये टीम टॅक्टिक्स कशा आखायच्या?

पुरंदर_पेडल
पुढच्या रविवारी रेस आहे. वडकीहून दिवे घाट, सासवड, जेजुरी, मोरगावला यू-टर्न आणि परत येऊन जेजुरीच्या अलीकडे फिनिश. पासष्टच्या आसपास किलोमीटर होतात. आम्ही चौघं आहोत. दर वेळी एकच होतं. आमच्यातला सगळ्यात ताकदीचा गडी अख्खा रस्ता पुढे राहून वारा खातो आणि शेवटच्या दोनशे मीटरला दुसऱ्या एका क्लबची पोरं त्याच्या मागून निघून जातात. ते आठ जण असतात. आमच्यातला एक जण जिंकावा म्हणून बाकीच्यांनी नक्की काय करायचं? ट्रेनिंग आणि डाएटचे सल्ले नकोत, आता त्याला वेळ नाही. उद्या संध्याकाळी आमची मीटिंग आहे, त्याआधी उत्तरं द्या प्लीज.

घाटवेडा
सोपं आहे. दिवे घाटात पायथ्यापासून जीव खाऊन मारा. घाटात ड्राफ्टिंगचा, म्हणजे दुसऱ्याच्या मागे राहून वारा चुकवण्याचा, फायदा फारसा नसतो, त्यामुळे त्यांचे आठ असोत की ऐंशी, काही फरक पडत नाही. वर पोचाल तेव्हा मागे कोणी नसेल. मी सगळ्या रेस अशाच काढतो.

मधुरा_रोडी
@घाटवेडा, घाट सुरुवातीलाच आहे. वर पोचल्यावर पन्नासएक किलोमीटर मोकळं पठार उरतं, तिथे एकटा माणूस आठ जणांपुढे किती टिकेल?

@पुरंदर_पेडल, आधी हे सांगा: मास स्टार्ट आहे ना, म्हणजे सगळे एकत्र सुटतात तसं? चौघांपैकी चढाला कोण चांगलं, स्प्रिंट कोणाची? स्टार्ट किती वाजता? बक्षीस वैयक्तिक की टीमचं? आणि तुमचा तो ताकदीचा गडी दुसऱ्यासाठी राबायला तयार आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे.

पुरंदर_पेडल
मास स्टार्टच. एकेकट्याने घड्याळाविरुद्ध मारायची टाइम ट्रायल असती तर टीम टॅक्टिक्स कशाला विचारल्या असत्या? स्टार्ट साडेसहा. एक क्लाइंबर आहे, एकदम हलका. एक तो इंजिन. मी स्प्रिंट बरी मारतो. चौथे आमचे दादा, अनुभवी आहेत. बक्षीस वैयक्तिक. आता प्लॅन सांगा.

दोनशे_ते_बाराशे
रेसच्या नादाला लागण्यापेक्षा चौघं मिळून बीआरएम (ठरलेल्या वेळेत लांब अंतर पूर्ण करायची राइड) करा असं मनापासून सांगेन. २०० किलोमीटर, साडेतेरा तास, नंबर कोणाचाच लागत नाही, सगळे एकमेकांना धरून नेतात. टीम म्हणून खरी कसोटी तिथेच लागते. आमच्या ग्रुपमध्ये एकाचा डिरेल्युअर हँगर (गिअरचा भाग) तुटला तेव्हा सगळे थांबलो आणि सगळे वेळेत पोचलो.

पुरंदर_पेडल
बीआरएमचा धागा वेगळा काढा ना प्लीज.

जुना_बोरघाट
मुंबई-पुणे रेसमध्ये जुन्या हायवेने आम्ही खोपोलीहून बोरघाट चढायचो तेव्हाची गोष्ट सांगतो. घाटाचा राजा व्हायचं म्हणून कितीतरी पोरं खोपोलीपासूनच उधळायची. राजा व्हायची आणि पुढे लोणावळ्यापासून पुण्यापर्यंत हवा गेल्यासारखी मागे पडायची. रेस जिंकणारे बहुतेक वेळा घाटात पाचवे-सहावे असायचे. घाटवेडा यांनी हे लक्षात घ्यावं. जानेवारी २०२६ला पुणे ग्रँड टूर बघायला रस्त्याच्या कडेला उभा होतो. पुण्याच्या रस्त्यांवर बाहेरच्या देशांच्या टीम एकामागे एक रांगेने जाताना पाहिल्या आणि डोळे भरून आले. आमच्या वेळी टीम म्हणजे फक्त एका रंगाचा शर्ट होता.

घाटवेडा
काका, आदर आहे. पण तेव्हाच्या सायकली आणि आताच्या सायकली यात फरक आहे. आता लोक मीटरवर वॅट, म्हणजे पायांचा जोर, बघून चढतात, उगाच उधळत नाहीत.

मधुरा_रोडी
वॅट बघून चढलं तरी वारा तोच आहे. मी सविस्तर लिहिते, कारण ही चूक खूप टीम करतात.

सपाटीवर चाळीसच्या वेगाला तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. नीट मागे चाक धरून बसलेला माणूस ढोबळमानाने २५ ते ३० टक्के ताकद वाचवतो, मोठ्या बंचच्या, म्हणजे घोळक्याच्या, पोटात असेल तर आणखी बरीच. म्हणजे तुमचा इंजिन तासभर पुढे ओढतो तेव्हा त्या आठ जणांना तो फुकट घेऊन जात असतो. ते जिंकतात यात नवल नाही. तुम्हीच त्यांचे लीडआउट, म्हणजे स्प्रिंटरला फिनिशपर्यंत ओढून नेणारे, झाला आहात.

टीम टॅक्टिक्स म्हणजे आपण जोरात जाणं नव्हे. दुसऱ्यांना नको तेव्हा जोर लावायला भाग पाडणं. त्यासाठी तुमच्यापैकी कोणीतरी सतत पुढे सुटलेला हवा. तो सुटला की तुमच्या बाकीच्यांना ओढायची गरज उरत नाही, आपल्याच माणसाचा पाठलाग कोण करणार? मग ओढायची जबाबदारी आठ जणांच्या क्लबवर येते. पकडला की लगेच तुमचा दुसरा सुटतो. २०२२च्या टूर द फ्रान्सला अकराव्या टप्प्यात जुंबो-व्हिस्मा टीमने आघाडीवर असलेल्या पोगाचारला असंच केलं. गालिबिए घाटाच्या परिसरात त्यांचे रोग्लिच आणि व्हिंगेगार्ड आळीपाळीने अटॅक करत राहिले आणि तो प्रत्येकाच्या मागे धावला. शेवटी ग्रानोंच्या चढावर तो ढेपाळला आणि आघाडीची पिवळी जर्सी व्हिंगेगार्डकडे गेली. पोगाचार काही कमी ताकदीचा नव्हता, पण दोन टोकं त्याला एकट्याला सांभाळायची होती.

आता तुमचा रस्ता. दिवे घाटात क्लाइंबरने वेग एकसारखा चढा ठेवायचा, एकदम उसळी नको. त्यांचे जड स्प्रिंटर तिथे गळाले तर आठाचे पाच होतील. इंजिनने घाटात पहिल्या दहात राहायचं आणि वर आल्यावर पुढे यायचंच नाही. जेजुरीपर्यंत एकही टर्न, म्हणजे पुढे येऊन ओढायची पाळी, घ्यायचा नाही.

सरळसोट
मला हे अजिबात पटत नाही. दुसऱ्याच्या चाकाला चिकटून राहायचं आणि शेवटी पुढे जायचं, याला जिंकणं म्हणायचं? ज्याच्यात दम आहे त्याने पुढे राहावं. त्यांचा तो मित्र अख्खी रेस ओढतो, माझ्या मते खरा विजेता तोच. त्याला उलट लपायला शिकवताय तुम्ही.

मधुरा_रोडी
@सरळसोट, दमच मोजायचा असेल तर टाइम ट्रायल आहे. तिथे ड्राफ्टिंगला बंदी असते, प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. रोड रेसमध्ये डोकं हा खेळाचाच भाग आहे. कधी ओढायचं आणि कधी नाही हे ज्याला कळतं तो जिंकतो, आणि त्यात मला काहीही कमीपणा वाटत नाही.

सरळसोट
नियमात बसतं हे मान्य. मनाला पटत नाही एवढंच.

टायर_प्रेशर
कोणीच टायरबद्दल बोललं नाही. ७०० बाय २५ असेल तर १०० पीएसआयच्या वर जाऊ नका, आपल्या रस्त्यांवर जास्त हवेने सायकल उसळते आणि वेग कमी होतो. २८चे बसत असतील तर तेच लावा. दिवे घाटात रुंदीकरणाचं काम चालू होतं, कडेला खडी असू शकते. आदल्या दिवशी जाऊन बघून या.

कऱ्हाकाठ
मी जेजुरीचाच. रविवार म्हणालात ना? रविवार हा खंडोबाचा वार, दर्शनाची गर्दी सकाळपासून असते. गाड्या, बस, बैलगाडीसुद्धा. गावातून जाताना दोघं-दोघं शेजारी चालवू नका. रस्ता बंद करणार आहेत का, की वाहतूक चालू ठेवूनच रेस आहे? ते आयोजकांना विचारा, कारण त्यावर सगळं ठरतं.

आणि वाऱ्याचं सांगतो. या दिवसांत सकाळी सातपर्यंत पान हलत नाही. ऊन चढलं की वारा पूर्वेकडून सुटतो. म्हणजे जेजुरीहून मोरगावला जाताना तोंडावर आणि परत येताना पाठीवर. पण परतीला रस्ता कऱ्हेच्या वरच्या अंगाला येतो, हलकी चढण लागते. दिसत नाही, पायाला कळते.

मधुरा_रोडी
@कऱ्हाकाठ, अनेक धन्यवाद, हीच माहिती हवी होती! यावरून प्लॅन बसतो.

समोरून वारा असेल तेव्हा मागे बसणाऱ्याचा फायदा वाढतो, सुटलेला माणूस मरतो. म्हणून मोरगावकडे जाताना अटॅक नाही. वारा पाठीवर आला की तो फायदा कमी होतो, सुटलेल्याला आशा असते. आणि मोरगावचा यू-टर्न ही सगळ्यात मोलाची जागा आहे. यू-टर्नला बंच जवळजवळ थांबतो. पहिले पाच जण वळून वेग घेतात तेव्हा तिसावा माणूस अजून ब्रेक दाबून उभा असतो. त्याला नुसतं चाक परत धरायला पूर्ण स्प्रिंट मारावी लागते. तुमच्या तिघा-चौघांनी यू-टर्नआधी एक किलोमीटर पहिल्या पाच-सहात यायचं. वळल्या वळल्या क्लाइंबर सुटेल. त्यांनी त्याला पकडलं की त्याच क्षणी, सगळे धापा टाकत असताना, इंजिन. तो तासभर मागे बसून ताजा असेल. तुम्ही त्यांच्या पाठलाग करणाऱ्यांच्या मागे दुसऱ्या-तिसऱ्या जागी बसायचं. टर्न आला की घ्यायचा नाही. रस्ता मात्र अडवायचा नाही, ते धोक्याचं आहे. इंजिन पकडला गेलाच तर स्प्रिंटला तुम्ही आहातच, आणि त्यांचा लीडआउट तोवर दमलेला असेल.

घाटवेडा
ठीक, यू-टर्नचं मान्य. पण घाटात नुसता चढा वेग ठेवून काही होणार नाही. शेवटच्या वळणानंतर वर माथ्यावर सगळे श्वास घ्यायला सैल सोडतात, तिथे पन्नास मीटर जास्त मारा. गॅप पडतो तो तिथेच.

मधुरा_रोडी
हे बरोबर आहे. माथ्यावरून पुढे तेवढा जोर ठेवा, घाटवेडांचा मुद्दा घ्या.

पुरंदर_पेडल
भारी! एक अडचण आहे. इंजिन म्हणतो मी मेहनत करायची आणि बक्षीस तू न्यायचं का? वाहतूक चालू ठेवूनच रेस आहे, फक्त पायलट गाडी पुढे. रेडिओ, इअरफोन चालणार नाहीत.

जुना_बोरघाट
बक्षिसाचं रेसच्या आधीच ठरवा. व्यावसायिक टीममध्येसुद्धा जिंकणारा बक्षिसाची रक्कम टीममध्ये वाटतो, जुनी रीत आहे. चौघांत समान वाटणी, कोणीही जिंको. आणि इंजिनला सांगा की या प्लॅनमध्ये जिंकायची सगळ्यात मोठी संधी त्याचीच आहे. सतरा किलोमीटर राहिलेत, वारा पाठीवर, पाय ताजे. त्याला आजवर हे कधी मिळालंय?

मधुरा_रोडी
रेडिओ नसेल तर पुढे किती जण सुटलेत हे मोजायचं काम एकाला नेमून द्या. २०२१च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये महिलांच्या रोड रेसला रेडिओ नव्हते. ऑस्ट्रियाची आना कीझेनहोफर सुरुवातीलाच ब्रेकमध्ये, म्हणजे पुढे सुटलेल्या गटात, गेली आणि नंतर एकटी पुढे राहिली. डच टीममध्ये एकाहून एक मोठ्या रायडर होत्या, पण पुढे अजून एक जण आहे याचा मागे पत्ताच नव्हता. त्यांची फान फ्लॉयटन आपणच जिंकलो समजून हात उंचावत आली आणि तिला रौप्य मिळालं. यू-टर्नला समोरून येणारे दिसतात, तिथे मोजा. हे काम दादांना द्या, अनुभवी माणूस गोंधळत नाही.

कऱ्हाकाठ
दादांचं वय किती? विचारतोय कारण आमच्या भागातल्या रेसला वयोगट वेगळे सोडतात.

पुरंदर_पेडल
४७. हो, मास्टर्स गट आमच्यानंतर पाच मिनिटांनी सुटतो. त्याने काय फरक पडतो? ते घाटात गाठतीलच आम्हाला किंवा आम्ही थोडं सावकाश जाऊ.

मधुरा_रोडी
खूप फरक पडतो! ही गोष्ट पहिल्याच पोस्टमध्ये हवी होती. ते तुमच्यासोबत नाहीत, तुम्ही तिघंच आहात. आणि वेगळ्या गटातल्या रायडरच्या मागे ड्राफ्ट करायला बऱ्याच रेसमध्ये मनाई असते, बाद करतात. त्यांच्यासाठी सावकाश जायचा विचारही करू नका. नियमावलीत "गट" आणि "ड्राफ्टिंग" हे मुद्दे आज रात्रीच वाचा.

दोनशे_ते_बाराशे
बीआरएममध्ये ही भानगड नाही. कोणीही कोणाच्याही मागे बसू शकतो.

पुरंदर_पेडल
वाचली. वेगळ्या गटाचं ड्राफ्टिंग केलं तर बाद, स्पष्ट लिहिलंय. दादांना फोन केला, ते म्हणाले मी माझी रेस लढतो, मास्टर्समध्ये पहिल्या तीनात येण्याची मला आशा आहे. मोजणी मी करेन. इंजिन वाटणीला तयार झाला, पण यू-टर्ननंतर क्लाइंबरऐवजी पहिला मीच सुटतो म्हणतोय.

घाटवेडा
सुटू द्या त्याला पहिला. हट्टी माणसाला मागे बसवलं की तो अर्ध्या रस्त्यातच पुढे येऊन ओढायला लागतो.

मधुरा_रोडी
नाही. तिघंच उरलात म्हणून तर क्रम आणखी महत्त्वाचा झाला. तो पहिला सुटला तर ताजे आठ जण त्याच्या मागे लागतील आणि तुमच्या हातात दुसरा पत्ता फक्त हलका क्लाइंबर राहील. तो पाठीवरच्या वाऱ्यात, जवळजवळ सपाट रस्त्यावर एकटा टिकणार नाही. आधी क्लाइंबर, मग इंजिन. त्याला उद्या मीटिंगमध्ये कागदावर रस्ता काढून दाखवा आणि मोरगावपर्यंत त्याच्या पुढचं चाक तुम्ही स्वतः व्हा. तो बाहेर यायला लागला की नाव घेऊन ओरडा.

टायर_प्रेशर
आणि स्पेअर ट्यूब दोन ठेवा. मोरगाव रस्त्याला बाभळीचे काटे आहेत.