मुलाखत बरी होते, पण पुढचं बोलावणं येत नाही: नेमकं कुठे चुकतं?

नवीपायरी

नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात दोन मुलाखती आहेत, एक समोरासमोर आणि एक ऑनलाइन. अनुभव ३ वर्षांचा, काम डेटा आणि अहवालांचं, थोडं प्रोग्रॅमिंगही येतं. "आत्मविश्वास ठेवा, हसतमुख राहा" हे भरपूर वाचून झालंय, पण त्यातून करायचं काय ते कळत नाही. प्रश्नांची उत्तरं येत असूनही माणूस कशामुळे मागे पडतो? "तुमच्याबद्दल सांगा", कमकुवत बाजू, पगार, आधीची नोकरी का सोडताय, या प्रश्नांवर हमखास होणाऱ्या चुका कोणत्या? जाणकारांनी तपशिलात सांगितलं तर फार मदत होईल.

टेबलापलीकडून

आधी टेबलाच्या या बाजूला काय चालतं ते सांगते, म्हणजे बाकीचा उलगडा होईल.

बऱ्याच ठिकाणी मुलाखत घेणाऱ्यासमोर एक गुणपत्रक असतं. त्यावर चार-पाच निकष असतात: कामाचं ज्ञान, अडचण सोडवण्याची पद्धत, इतरांबरोबर काम करणं वगैरे. प्रत्येकापुढे १ ते ५ गुण आणि शेजारी "कशावरून?" लिहायला जागा. मुलाखत संपल्यावर त्या जागेत लिहिण्यासारखं काही सापडलं नाही, तर बोलणं कितीही छान झालेलं असो, गुण ३ च्या वर जात नाहीत. उत्तरं येऊनही मागे पडण्याचं सगळ्यात मोठं कारण मला हेच वाटतं. समोरच्याला लिहायला काहीतरी द्या.

ही पद्धत उगाच आलेली नाही. १९९८ साली श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी निवडीच्या पद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्र आढावा घेतला. सगळ्यांना तेच ठरावीक प्रश्न विचारून गुण देणारी मुलाखत मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीपेक्षा पुढच्या कामाचा जास्त चांगला अंदाज देते, असं त्यात दिसलं (सहसंबंध, म्हणजे मुलाखतीतले गुण आणि पुढचं काम किती जुळतात याचं माप, १ म्हणजे पूर्ण जुळणी: ०.५१ आणि ०.३८). २०२२ साली सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हिशेब नव्याने मांडला तेव्हा दोन्ही आकडे खाली आले, ०.४२ आणि ०.१९, पण दोघांतलं अंतर वाढलं.

आता उत्तराची रचना. परिस्थिती, तुमची जबाबदारी, तुम्ही काय केलंत, परिणाम काय झाला, हा क्रम बहुतेकांना माहीत असतो. चूक होते ती प्रमाणात. दोन मिनिटांच्या उत्तरातलं दीड मिनिट कंपनी कशी होती, विभाग कोणता, साहेब कोण, यातच जातं आणि "मग आम्ही ते सोडवलं" असं म्हणून उत्तर संपतं. परिस्थितीला २० सेकंद पुरतात. निम्म्याहून जास्त वेळ "मी काय केलं" याला द्या.

मराठी माणसाचा आणखी एक घोटाळा होतो. आपल्याला "मी केलं" म्हणायचा संकोच वाटतो, मग "सुधारणा करण्यात आली", "ते काम मार्गी लागलं", "आम्ही बसून ठरवलं" अशी वाक्यं तोंडात येतात. इंग्रजीत मुलाखत असली तरी तीच सवय तिथे उतरते. ऐकणाऱ्याला कर्ताच सापडत नाही. हे दोन नमुने पाहा.

"अहवालाच्या प्रक्रियेत बऱ्याच सुधारणा करण्यात आल्या, त्यामुळे वेळेची बचत झाली."

"साठ्याचा रोजचा अहवाल जुळवायला ४० मिनिटं लागायची, कारण दोन फायलींत वस्तूंचे कोड वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेले होते. मी कोडांची एक सामाईक यादी केली, गोदामातल्या सहकाऱ्यांकडून तपासून घेतली आणि त्यावर सूत्र बसवलं. आता २८ मिनिटं लागतात. परत आलेल्या मालाच्या नोंदी अजून हातानेच होतात, म्हणून त्याखाली वेळ आला नाही."

दुसरं उत्तर जेमतेम अर्ध्या मिनिटाचं आहे, पण त्यातून कारण शोधणं, दुसऱ्या विभागाशी बोलणं, मोजमाप आणि मर्यादेची जाणीव अशा चार गोष्टी लिहिता येतात. शेवटचं वाक्य लोक मुद्दाम गाळतात. ते ठेवा, त्यामुळे आधीचा आकडा खरा वाटतो.

आकड्यांवरून आठवलं, बायोडेटातल्या प्रत्येक टक्केवारीचा हिशेब तोंडावर हवा. "३०% वेळ वाचवला" असं लिहिलंत की कशावरून कशावर, किती दिवस मोजलं, हे विचारलं जाणारच. चुकांचं प्रमाण ८% वरून ६% वर आलं असेल, तर घट २ टक्केबिंदूंची आहे, किंवा आधीच्या तुलनेत २५% ची. "२% ने कमी केलं" असं म्हणालात तर डेटाच्या कामाला तेवढंच एक वाक्य नडू शकतं.

कोरीपाटी

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी फक्त तांत्रिक फेरीबद्दल लिहितो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे प्रश्न ऐकल्या ऐकल्या लिहायला लागणं. समजा विचारलं, "यादीतला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा आकडा काढा." सोपं वाटतं. पण यादी ५, ५, ३ अशी असेल तर उत्तर ५ की ३? यादीत एकच आकडा असेल तर काय परत करायचं? आकडे ऋण असू शकतात का? हे तीन प्रश्न विचारायला २० सेकंद लागतात, आणि प्रश्न घालणारा बहुतेक वेळा त्यांचीच वाट पाहत असतो. न विचारता लिहिणारे "सर्वांत मोठा" आणि "दुसरा" या दोन्हींची सुरुवातीची किंमत ० ठेवतात. मग −४, −९, −२ ही यादी दिली की उत्तर ० येतं, जे यादीत नाहीच.

मग लिहिण्याआधी एक वाक्य बोला: "आधी सगळी यादी क्रमाने लावता येईल, पण एकाच फेरीतही होईल, मी एका फेरीची पद्धत लिहितो." वाट चुकत असेल तर समोरचा इथेच टोकतो आणि तुमची १५ मिनिटं वाचतात. लिहून झालं की "झालं" म्हणून थांबू नका. तीन-चार आकड्यांची छोटी यादी घेऊन ओळीओळीने स्वतःच चालवून दाखवा. आपली चूक आपणच पकडणं ही जमेची बाजू धरली जाते.

अडलात तर गप्प बसू नका. शांतता १५-२० सेकंदांची चालते, त्यापुढे "मला अमुक दिसतंय, तमुक ठिकाणी अडलंय" असं बोलत राहा. आतून कितीही विचार चालू असला तरी समोरच्याला फक्त थांबलेला माणूस दिसतो.

माहीत नसेल तर ठोकून देणं सर्वांत वाईट. पुढचे दोन प्रश्न त्याच ठोकलेल्या उत्तरावर येतात आणि आधीची खरी उत्तरंही संशयात पडतात. "हे मी वापरलेलं नाही. याच्या जवळचं अमुक वापरलंय, त्यावरून मला असं वाटतं की…" असं सांगा. कोरं "माहीत नाही" म्हणूनही थांबू नये.

वायरचाइअरफोन

ऑनलाइनबद्दल. चेहऱ्यापेक्षा आवाजाची काळजी आधी घ्या. चित्र थोडं अस्पष्ट असलं तरी चालतं, शब्द तुटले की संपलं. ब्लूटूथचे इअरफोन फोनलाही जोडलेले असतात, ऐन वेळी कॉल आला की ते तिकडे पळतात. साधे वायरचे वापरा.

उजेड समोरून हवा. पाठीमागे खिडकी असली की कॅमेरा तिच्या उजेडाशी जुळवून घेतो आणि चेहरा काळा पडतो. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर येण्यासाठी लॅपटॉपखाली चार-पाच जाड पुस्तकं ठेवा. समोरच्याच्या चेहऱ्याची खिडकी ओढून पडद्याच्या वरच्या कडेला, कॅमेऱ्याच्या अगदी खाली आणा, म्हणजे त्याच्याकडे पाहताना तुम्ही कॅमेऱ्याकडेच पाहताय असं वाटतं.

आवाज थोडा उशिरा पोचतो, त्यामुळे समोरचा बोलायचा थांबला की मनात एक आकडा मोजून सुरुवात करा. नाहीतर दोघंही एकदम बोलता, मग दोघंही थांबता.

स्क्रीन दाखवायची वेळ आली तर पूर्ण स्क्रीन न दाखवता लागेल तेवढी एकच खिडकी दाखवा. ती वेळ येण्याची शक्यता असेल तर आदल्या दिवशी परवानग्या तपासा. काही संगणकांवर स्क्रीन दाखवायची परवानगी दिली की प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू करावा लागतो आणि तुम्ही मुलाखतीतून बाहेर पडता. फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉपला आधीच एकदा जोडून ठेवा. मुलाखत घेणाऱ्याचा फोन नंबर किंवा ईमेल कागदावर लिहून समोर ठेवा, कारण नेट गेल्यावर तो ईमेलमध्ये शोधता येत नाही.

एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. बाजूच्या खिडकीत एआयकडून उत्तर काढून वाचणं लगेच ओळखू येतं. सोप्या आणि अवघड दोन्ही प्रश्नांआधी सारखाच विराम येतो, नजर डावीकडून उजवीकडे ओळीने सरकते, आणि "हे तुम्ही असंच का केलं?" म्हटल्यावर बोलणं एकदम तुटतं. त्याने पुढची वाट बंद होते. तेच साधन आदल्या आठवड्यात सरावासाठी वापरा, त्यात काही गैर नाही.

हिशेबीमाणूस

उरलेल्या तीन प्रश्नांवर.

कमकुवत बाजू: "मी फार परफेक्शनिस्ट आहे" हे उत्तर इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्यापुढे काही लिहिलंच जात नाही. उणीव खरी सांगा, पण त्या कामाचा कणा असलेली नको. अहवालांच्या कामाला जाताना "बारकाव्यांकडे दुर्लक्ष होतं" म्हणू नका. "काम दुसऱ्याला सोपवायला मला उशीर होतो, आता सोमवारीच कामांची यादी करून त्यातलं काय दुसऱ्याला द्यायचं ते ठरवतो" हे चालतं. उणीव एका वाक्यात, उपाय दोन वाक्यांत.

नोकरी का सोडताय: दोन वाक्यं पुरे. पहिलं, इथे काय शिकून झालं. दुसरं, पुढे काय हवंय जे या जागेत आहे. साहेबाबद्दल तक्रार खरी असली तरी ऐकणाऱ्याला दुसरी बाजू माहीत नसते, त्यामुळे शंका तुमच्यावरच येते. जुन्या कंपनीचे ग्राहक, दर, आतले आकडे हेही सांगू नका. "एका मोठ्या ग्राहकाचं काम" एवढं पुरतं. आज आमच्याकडे येऊन तिकडचं सांगतोय, उद्या आमचं बाहेर सांगेल, हा हिशेब समोरचा करतोच.

पगार: पहिल्या फेरीत आपणहून विषय काढू नका, पण विचारलं तर "तुम्ही द्याल ते" असंही म्हणू नका. पट्टा, म्हणजे "इतके ते इतके" असं सांगितलंत तर समोरचा खालचाच आकडा धरतो, म्हणून खालचा आकडा तुम्हाला खरंच चालणारा असावा. एकूण वार्षिक की दरमहा हातात येणारा, बदलता भाग धरून की वगळून, हे त्याच वाक्यात स्पष्ट करा. इथला गोंधळ पुढे नेमणुकीचं पत्र हातात आल्यावर बाहेर पडतो. सध्याचा पगार फुगवून सांगू नका, पगाराची कागदपत्रं मागितली जातात. नोटीस किती दिवसांची आहे तेही खरं सांगा.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" याला "नाही" म्हणू नका. पहिल्या ३ महिन्यांत या माणसाने काय करून दाखवलं पाहिजे, जागा नवीन आहे की कोणी सोडून गेलंय, आणि काम चांगलं झालं हे कशावरून ठरतं, हे तीन प्रश्न कुठेही चालतात. तिसऱ्याचं उत्तर नीट ऐका, नोकरी घ्यावी की नाही तेही त्यावरून कळतं.

कपडे स्वच्छ आणि अंगाला बसणारे असले की झालं. पोचायचं १० मिनिटं आधी. पाऊण तास आधी पोचलात तर बाहेर थांबा, तुम्हाला कुठे बसवायचं हा प्रश्न त्यांना पडतो.

नवीपायरी

मनापासून आभार. आता दोनच शंका. "तुमच्याबद्दल सांगा"चं उत्तर पाठ करून जावं का? आणि मुलाखत चालू असताना आपणच मघाशी चुकीचं सांगितलं असं लक्षात आलं तर?

टेबलापलीकडून

दुसरी शंका आधी. ताबडतोब दुरुस्त करा, एकाच वाक्यात: "मघाशी मी ६ महिने म्हणाले, ते ४ महिने होते." लांबलचक माफी नको. मुलाखत संपल्यावर लक्षात आलं तर त्याच दिवशी आभाराच्या ईमेलमध्ये लिहा. एरवीही तो ईमेल २४ तासांच्या आत, पाच-सहा ओळींचा पाठवावा. त्यांनी सांगितलेली तारीख उलटून गेली तर कामाचे दोन दिवस थांबा आणि एकदाच विचारा.

ओळखीचं उत्तर शब्द न् शब्द पाठ करू नका. पाठ केलेल्यातला एक शब्द निसटला की पुढचं सगळं जातं. शाळा-कॉलेजपासूनही सुरुवात नको, ते बायोडेटात आहे. आत्ता काय काम करता, त्यातलं या जागेला उपयोगी असं एखादं, आणि इथे का यायचंय, एवढंच ६० ते ९० सेकंदांत सांगा. त्यासाठी कागदावर फक्त चार शब्द लिहा आणि त्यावरून तीनदा वेगवेगळ्या वाक्यांत बोलून फोनवर रेकॉर्ड करा. ऐकताना बघा, पहिलं "मी अमुक केलं" कितव्या सेकंदाला येतं. ३० सेकंदांनंतर येत असेल तर सुरुवात छाटा आणि पुन्हा रेकॉर्ड करा.