१९७८ ची प्रीमियर पद्मिनी इलेक्ट्रिक करायची आहे, मुंबईत कायदेशीर जमतं का?

दादरचा_फियाटवाला:
नमस्कार मंडळी. बाबांची १९७८ ची पद्मिनी आहे, हिंदू कॉलनीत आमच्या बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये उभी असते, चालू आहे पण इंजिन धूर मारतंय आणि गेल्या दोनेक वर्षांत कार्ब्युरेटरची कटकट खूपच वाढलीये, मेकॅनिक म्हणतो ई२० पेट्रोलमुळे (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) आतलं रबर फुगतं. बॉडी वरून तरी चांगली दिसते. मला ती शोपीस म्हणून ठेवायची नाही, रोज बीकेसीला ऑफिसला न्यायची आहे, म्हणून डोक्यात आलं की इंजिन काढून मोटर बॅटरी टाकावी.

एका गॅरेजवाल्याने साडेपाच लाख सांगितलेत. मोटर, कंट्रोलर, १५ युनिटची बॅटरी, सगळी डिकीत बसवणार, हँडगियर (स्टिअरिंगजवळची गिअरची दांडी) तसाच राहणार. कागदपत्रांचं विचारलं तर म्हणाला "आरसीवर पेट्रोलच राहू दे, कोण बॉनेट उघडून बघतंय, पुढचं पुढे बघून घेऊ". तिथेच माझी पाल चुकचुकली.

तर प्रश्न असे की आरटीओत हे कायदेशीर होतं का, जुन्या ब्रेकवर ही गाडी झेपेल का आणि पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या हिंदमाताला काय करायचं. "विकून टाक" वाले रिप्लाय कृपया नकोत, विकायची नाहीये.

आधी_कागद_मग_पाना:
पाल बरोबर चुकचुकली. मोटर बसवणं हा यातला सोपा भाग आहे, अडतं ते कागदावर.

मोटर वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, पण इंधन बदलायला, म्हणजे सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर न्यायला सूट आहे, फक्त ते ठरवून दिलेल्या अटींप्रमाणे आणि मंजूर किटनेच करायचं. इलेक्ट्रिकसाठी ते स्टँडर्ड म्हणजे एआयएस १२३. किट बनवणारी कंपनी आपलं किट एआरएआय किंवा आयकॅट सारख्या संस्थेकडून टेस्ट करून टाइप अप्रूव्हल घेते, मग त्यांचा अधिकृत इन्स्टॉलर ते बसवतो, तो सर्टिफिकेट देतो, मग तुम्ही आरटीओत जाता आणि आरसीवर पेट्रोलच्या जागी इलेक्ट्रिक चढतं आणि हिरवी पाटी मिळते.

आता मेख इथे आहे. हे अप्रूव्हल "कुठल्याही गाडीला चालेल" असं नसतं, कुठल्या गाडीसाठी ते त्यात असतं. किटवाले अल्टो, वॅगन आर, डिझायर यांच्या मागे जातात कारण त्या रस्त्यावर लाखोंनी आहेत आणि टेस्टिंगचा खर्च वसूल होतो. २००० च्या आसपास बंद झालेल्या पद्मिनीसाठी एवढा खर्च कोण करणार? त्यामुळे गॅरेजवाल्याला एकच प्रश्न विचारा, किटच्या अप्रूव्हलची कॉपी दाखव आणि त्यात माझं मॉडेल दाखव. नाही दाखवलं तर तिथून चहा पिऊन निघा.

आरसी पेट्रोल आणि गाडी बॅटरीवर असं चालवलंत आणि उद्या कोणाला धक्का लागला तर इन्शुरन्स कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळेल. साडेपाच लाख बुडाले तर बुडाले, पण एखाद्या माणसाला लागलं तर ती भरपाई तुमच्या घरावर येईल. बॉनेट पोलीस उघडत नसेल, सर्व्हेअर नक्की उघडतो.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. २०२१ साली केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं झालेली गाडी, मूळ रूपात, चासी बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल न केलेली. तुमची २०२८ ला ५० ची होते. आज इंजिन काढलंत तर तो दरवाजा बंद. अर्थात विंटेज नोंदणी घेतली की गाडी रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची, त्यामुळे बीकेसीचं स्वप्न त्यातही बसत नाही. पण निदान काय सोडताय ते माहीत असू द्या.

तेलकट_हात:
कागदाचं वरती भाऊंनी सांगितलंय, मी गाडीचं बोलतो. मी ठाण्यात इलेक्ट्रिक थ्री व्हीलरचे पॅक बनवतो आणि घरी एक फियाट आहे (पेट्रोलच).

पहिली गोष्ट, बॅटरी मोटर विसर आणि गाडी लिफ्टवर चढवून खालून बघ. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नाही, बॉडीच चासी आहे, म्हणजे फ्लोअरचा पत्रा आणि दरवाज्याखालचे बॉक्स हेच सगळं वजन धरून असतात. मुंबईची खारी हवा आणि दर पावसाळा, त्यामुळे वरून कलर चकचकीत आणि खाली पत्रा पापडासारखा असं भरपूर बघितलंय. स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघ, आत गेला तर आधी पत्र्याचं काम, मग बाकी सगळं.

आता तो डिकीत सगळी बॅटरी टाकणार म्हणतो ते ऐकून डोकं धरलं. १५ युनिटचा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅक बॉक्ससकट १२०-१३० किलोच्या घरात जातो. पुढून इंजिन रेडिएटर काढून पुढचं हलकं करणार आणि मागे सगळं लादणार, मागचे पाटे बसतील, पुढची चाकं हलकी होतील, ब्रेक मारल्यावर गाडी कशी वागेल ते देव जाणे. निम्मा पॅक बॉनेटखाली, निम्मा मागे, आणि बॅलन्स चारही चाकांखाली वजनकाटा ठेवून मोजायचा, अंदाजाने नाही.

ब्रेक: चारही ड्रम. गाडी रिकामी साधारण ९०० किलोची, ४० हॉर्सपॉवरच्या जवळपासचं १०८९ सीसी इंजिन, त्या हिशोबाने ते ड्रम बनवलेत. मोटर रिजनने (वेग कमी होताना मोटरच उलट बॅटरी चार्ज करते) गाडी थोडी धरते हे खरं पण बॅटरी फुल असताना रिजन जवळपास मिळत नाही, आणि सकाळी घरातून निघताना बॅटरी फुलच असते ना. म्हणजे रिजनच्या भरवशावर ब्रेक सोडायचे नाहीत, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, लायनर सगळं नवीन.

हँडगियर ठेवणार म्हणजे मोटर आणि गिअरबॉक्सच्या मध्ये ॲडॅप्टर प्लेट आणि कपलर लागणार. ती प्लेट लेथवर नीट सेंटरला नाही बसली तर महिन्याभरात बेअरिंग ओरडायला लागतं. आणि मोटर शून्यापासून पूर्ण टॉर्क देते, हे जुन्या क्राऊन पिनियनला (मागच्या ॲक्सलमधले गिअर) आवडत नाही, कंट्रोलरमध्ये सुरुवातीचा टॉर्क दाबून ठेवावा लागतो. नाहीतर सिग्नलला बाइकवाल्याला दाखवायला पाय दाबशील आणि मागून कटाक.

व्होल्टेज विचारलंस का? ९६ व्होल्टचा सेट असेल तर एलएफपीचे ३० सेल सिरीजमध्ये, २० किलोवॅट ओढले की २०० अँपियरच्या वर करंट जातो. जाड केबल, फ्यूज, काँटॅक्टर (मोठा इलेक्ट्रिक स्विच), प्रीचार्ज (सुरुवातीला करंट हळू सोडणारं सर्किट), बीएमएस (सेलवर नजर ठेवणारा बोर्ड), आणि हाताने सगळं तोडता येईल असा सर्व्हिस डिस्कनेक्ट हवाच. ६० व्होल्ट डीसीच्या वर हा पोरखेळ नाही, त्याने साडेपाच लाखात यातलं काय काय धरलंय ते लिहून घे.

रेंजचं टेन्शन घेऊ नकोस. एवढ्या वजनाची गाडी शहरात एका युनिटला ८-९ किमी देईल, पूर्ण पिळून काढायची नाही म्हटलं तरी १०० किमी. दादर बीकेसीला आठवडाभर पुरेल.

हिंदमाता: पॅक आणि कंट्रोलर आयपी६७ (धूळ-पाणी आत न जाण्याचं रेटिंग) असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास सहन करायला हवा. पण ते टेस्टच्या टाकीतलं पाणी. गॅरेजमध्ये बनवलेल्या बॉक्सला कोणी सिलिकॉन फासून आयपी६७ म्हणत असेल तर त्याला सांग आधी टाकीत बुडवून दाखव. तुझं गॅरेज दाखवेल असं वाटत नाही.

हँडगियर_काका:
अरे बाळा, तुझा रोग कार्ब्युरेटरचा आणि तू हृदयच बदलायला निघालास.

ई२० मुळे जुन्या रबराला त्रास होतो हे खरं आहे. त्या काळचे पेट्रोल पाईप, पंपाचा डायफ्राम, कार्ब्युरेटरचे वॉशर इथेनॉलसाठी बनलेच नव्हते. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, गाडी उभी राहिली की टाकीत गंज. पण उपाय आहे ना, इथेनॉल चालणारे पाईप बसव, डायफ्राम आणि कार्ब्युरेटरची किट बदल, जेट थोडा मोठा कर कारण ई२० वर मिक्श्चर पातळ होतं. धूर मारतंय म्हणजे रिंगा नाहीतर व्हॉल्व्ह गाईड. बोअरिंग करून पिस्टन रिंगा टाकल्या तरी तुझ्या साडेपाच लाखातला छोटा तुकडाच जाईल.

हे इंजिन आपल्या कुर्ल्यात बनलंय रे. आज जिथे कोहिनूर सिटी उभी आहे तिथे प्रीमियरचा कारखाना होता. टॅक्सीवाले हे इंजिन फुटपाथवर उघडून संध्याकाळी धंद्याला लावायचे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली होती, २० वर्षांची मर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. त्या गाड्या भंगारात गेल्या तेव्हा पार्टस् पण निघाले, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला अजून फेरी मारली तर बरंच काही हाताला लागतं, पण हे कायम राहणार नाही, आत्ताच घेऊन ठेव.

आणि ही फक्त म्हाताऱ्याची कुरकुर समजू नकोस. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना फिवा, त्यांचंही म्हणणं हेच की इलेक्ट्रिक केलेली गाडी ऐतिहासिक धरू नये, आणि करायचीच तर परत मूळ रूपात आणता येईल अशी करा, काढलेले भाग जपून ठेवा. ॲस्टन मार्टिनने २०१८ मध्ये १९७० च्या डीबी६ वर तसंच केलं, इंजिन गिअरबॉक्सच्या जागी बरोब्बर बसणारा एक इलेक्ट्रिक गठ्ठा, मूळच्याच माउंटिंगवर, वाटलं तर काढून इंजिन परत. तुझ्या गॅरेजवाल्याला विचार इंजिन काढल्यावर त्याचं काय करणार. बहुतेक म्हणेल "भंगारात देतो, दोन पैसे सुटतील".

सायली_पार्लेकर:
काका लोकांचं पटतंय पण एक बाजू राहून जातेय. मी स्वतः इलेक्ट्रिक कार चालवते आणि सोसायटीची सेक्रेटरी आहे, म्हणून चार्जिंगचं बोलते.

१५ अँपियरच्या साध्या सॉकेटमधून साधारण ३ किलोवॅट मिळतात, म्हणजे रिकामी बॅटरी पाच सहा तासात भरते, रात्रभर लावली की झालं. पण तो सॉकेट कुठल्या मीटरवर? कंपाउंडच्या कॉमन लाइटमधून वायर ओढली तर पुढच्या एजीएमला तुमचं नाव अजेंड्यावर असेल. दादरला बेस्टची वीज आहे, वेगळं मीटर किंवा तुमच्याच फ्लॅटच्या मीटरवरून स्वतंत्र केबल, एमसीबी आणि अर्थिंगसकट, आणि आधी कमिटीला लेखी पत्र. कमिटी पहिला प्रश्न विचारणार की गाडी कुठल्या कंपनीची आणि सर्टिफिकेट काय, आणि घरगुती पॅक म्हटलं की आगीच्या भीतीने बैठक तिथेच संपणार. मला राग येतो या भीतीचा, पण ज्या पॅकची टेस्ट झालेली नाही त्याच्या बाबतीत ती भीती अगदीच खोटी पण नाही.

आणि खरं सांगू का, रोज बीकेसी हाच मुद्दा असेल तर तेवढ्याच पैशात सेकंड हँड इलेक्ट्रिक गाडी येते, एसी सकट. मे महिन्यात कलानगरच्या सिग्नलला पद्मिनीच्या खिडकीतून येणारी हवा कशी असते ते काकांना विचारा 😄

दादरचा_फियाटवाला:
सगळ्यांचे आभार. गॅरेजवाल्याला अप्रूव्हलची कॉपी मागितली, तो आधी म्हणाला पाठवतो, मग एक पीडीएफ आलं ज्यात थ्री व्हीलरचं नाव होतं, आणि आता फोन उचलत नाही. म्हणजे तो विषय आपोआपच मिटला.

रविवारी लिफ्टवर चढवली. डावीकडचा दरवाज्याखालचा पत्रा टोचल्यावर खरंच आत गेला, उजवी बाजू ठीक आहे. आरसीचं रिन्युअल पण तोंडावर आलंय, २० वर्षांवरच्या गाडीला १०,००० फी झालीये आता, फिटनेसला न्यायच्या आधी पत्र्याचं काम करावंच लागणार. तर आधी पत्रा, मग ब्रेक, मग इंजिन. ब्रेकचं तेलकटभाऊ म्हणाले तसं सगळं नवीन टाकतो. पद्मिनीचं नाव असलेलं अप्रूव्ह्ड किट कधी आलं तर बघू, तोपर्यंत ऑफिसला मेट्रो. काका, पाईप आणि डायफ्राम दोन्ही एकदम बदलू का आधी पाईप बदलून बघू?

हँडगियर_काका:
दोन्ही एकदम. आणि त्याआधी टाकी उतरव, आतून धुऊन वाळव. इथेनॉल जुना गंज आणि चिकटा सोडवतं आणि सगळं वाहत नवीन कार्ब्युरेटरमध्ये येतं, मग परत मला शिव्या देशील. टाकीनंतर एक पारदर्शक फिल्टर टाक, पहिले काही दिवस रोज बघ, तळाशी तपकिरी दिसलं की बदल. ऑपेरा हाउसला पार्टस् घ्यायला जाशील तेव्हा जुना डायफ्राम खिशात घेऊन जा, नुसतं "फियाटचा द्या" म्हणालास तर भलताच हातात ठेवतील.

तेलकट_हात:
डाव्या बाजूला नवीन पत्रा वेल्ड करताना बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेव आणि पेट्रोलची टाकी गाडीत नको, काका म्हणतात तशी उतरवलेलीच असू दे. वेल्डिंग झालं की आतल्या पोकळीत वॅक्स मारून घे, नाहीतर दोन पावसाळ्यांत परत तिथेच भोक.